जुना स्कॅनर टाकण्याआधी

मैत्रिणींनो, कर्जाच्या फाइलसाठी ठराव आणि पासबुक स्कॅन करायचं होतं, पण पुण्यातल्या आमच्या कार्यालयातला जुना स्कॅनर लिनक्स संगणकावर चालेना. दुकानदार म्हणाला, नवा घ्या.

आम्ही आधी ‘सेन’ची यादी पाहिली. सेन म्हणजे स्कॅनर आणि लिनक्स यांच्यातला मोफत, खुला दुभाषी. आमचं मॉडेल यादीत होतं. मग टर्मिनलवर इंग्रजीत ‘स्कॅनइमेज’, जागा सोडून वजाचं चिन्ह आणि लगेच मोठा एल टाइप केला. सापडलेल्या स्कॅनरचं नाव असं कळतं. आमच्याकडे ते फक्त अ‍ॅडमिनला दिसलं. म्हणजे यंत्र ठीक होतं, परवानगी नव्हती.

संगणकातही ‘स्कॅनर’ नावाचा गट असतो. आमचं खातं त्याचं सभासद केलं, पुन्हा लॉगिन केलं आणि पहिलं पान उमटलं. खर्च शून्य.