मगर की समुद्री पाणमांजर?

ओडिशातल्या भितरकनिकाच्या खाड्यांमधली मोठी मगर एकदा पोटभर जेवली की काही महिने उपाशी काढू शकते. अंग तापवायला ती ऊन खाते, म्हणजे हीटरचं बिल शून्य!

उलट अलास्काच्या गार समुद्रातलं पाणमांजर बघा. फर प्रचंड दाट, पण कातडीखाली चरबीचा थर नाही. ऊब टिकवायला रोज वजनाच्या साधारण पाव हिस्सा खावंच लागतं. ३० किलोचं असेल तर साडेसात किलो, रोज! मात्र त्या गारठ्यात मगर सुस्तावून पडेल, पाणमांजर शिकार करत राहतं. ते वाईट नाही हो, फक्त त्याला सुट्टी परवडत नाही.

आता तुमचं दुकान. भाडं, पगार, कर्जाचा हप्ता... गल्ल्यात एक रुपयाही आला नाही तर किती दिवस निघतील? वही काढा, आकडा लिहा.