मेंदूच्या आरशाचे मोल

औंढा नागनाथनजीक उभारावयाच्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेस केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली आणि सुमारे २६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाने हिंगोली जिल्ह्याचे नाव जगाच्या विज्ञानक्षेत्रात पोचविले. त्याआधीच याच जिल्ह्यात आणखी एक सूक्ष्म मापन सुरू झाले होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी राज्य शासनाने २०१५ साली मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प हाती घेतला. घरोघर जाऊन, ठरावीक प्रश्न विचारून, मनाने खचलेला माणूस हुडकण्याचे काम आशा कार्यकर्तींकडे आले.

याच नैराश्यावर पाश्चात्त्य संशोधक निराळा उपाय शोधीत आहेत. रक्तातील प्राणवायूचे कमीअधिक प्रमाण चुंबकीय प्रतिमेत टिपता येते, हे सेजी ओगावा यांनी १९९० साली दाखविले. त्यातून मेंदूचा कोणता भाग कार्यरत आहे हे कवटी न उघडता कळू लागले. पुढे संगणक वेगवान झाले, तेव्हा ही प्रतिमा एमआरआय यंत्रात पहुडलेल्या माणसालाच दाखविण्याची कल्पना निघाली. हेच न्यूरोफीडबॅक. पडद्यावरील पट्टी वर न्यावयाची. कोणत्या आठवणीने ती चढते, हे ज्याचे त्याने शोधावयाचे. (रक्ताचा ओघ सावकाश, म्हणून हा आरसा चार-सहा सेकंद मागेच असतो.)

अमेरिकेतील टल्सा येथील २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नैराश्याचे ३६ रुग्ण होते. १९ जणांना भावनांशी निगडित अशा अमिग्डालाचा संकेत दाखविला, १७ जणांना भलत्याच भागाचा. पहिल्या गटातील १२ जणांची लक्षणे निम्म्याने वा अधिक उतरली, दुसऱ्यातील दोघांचीच. या प्रयोगात सर्वांत मोलाचे काही असेल, तर तो दुसरा गट. आशा, निवांतपणा आणि डॉक्टरांचे लक्ष एवढ्यानेही रुग्णास बरे वाटते. चंचल मुलांवरील मेंदूलहरींच्या उपचारांत, मूल्यमापन करणाऱ्यास गट ठाऊक नसले की लाभ पुष्कळसा ओसरतो, असे आढळले आहे. तरीही असे उपचार शहरांतून पैसे घेऊन दिले जातात, आणि ३६ रुग्णांच्या आकड्यावर कोणा कुटुंबाने कर्ज काढावे, असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही.

हिंगोलीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे उद्या असा आरसा आलाच, तरी त्यापुढे कोणाला निजवावयाचे, हे गावात फिरून प्रश्न विचारणारी कार्यकर्तीच सांगू शकेल. राज्यातील या कार्यकर्तींना मानधनासाठी २०२१ साली व पुन्हा २०२३ साली संपावर जावे लागले होते.