कल्पित देखाव्याचे संगणकावरील चित्रण

‘निसर्गचित्र काढा’ एवढे म्हटले की वर्गातील बहुतेक कागदांवर एकच आकृती उमटते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खिंडीतून डोकावणारा सूर्य, खाली वळत येणारी नदी, कडेला कौलारू घर आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. हे चित्र मुलाने पाहिलेले नसते, शेजारच्या मुलाच्या कागदावरून घेतलेले असते. अशा मुलास ‘जगात कोठेच नाही असा देखावा काढ’ असे सांगितले, तर काम सोपे झाले असे वरकरणी वाटेल. वस्तुतः ते अवघड होते. जे नाही ते खरे भासवावयाचे असेल, तर जे आहे ते नीट पाहिलेले असावे लागते. संगणकावर असे चित्र करताना ही गोष्ट पदोपदी प्रत्ययास येते.

ही कला संगणकापूर्वीची आहे. अमेरिकेतील नॉर्मन डॉन याने १९०७ च्या सुमारास कॅमेऱ्यापुढे काच उभी केली व पडक्या इमारतींचे नाहीसे झालेले भाग तिच्यावर रंगविले. खरी भिंत व काचेवरील छप्पर पडद्यावर एकजीव दिसले. आपल्याकडे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगविता रंगविताच चित्रपटाकडे वळले. संगणकाने काचेचे काम ‘लेयर’कडे, म्हणजे थराकडे सोपविले. थॉमस व जॉन नोल या बंधूंचा फोटोशॉप हा कार्यक्रम १९९० साली बाजारात आला; त्यात थरांची सोय १९९४ मध्ये झाली. जिंप हा दुसरा कार्यक्रम बर्कले येथील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली आरंभिला. तो विनामूल्य मिळतो, म्हणून शाळेस तोच सोयीचा.

थर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा. आकाश एका काचेवर, डोंगर दुसरीवर, झाड तिसरीवर. झाड सरकविले तरी डोंगरास धक्का लागत नाही. प्रत्येक थरास ‘मास्क’ जोडता येतो. मास्कवर काळा रंग दिला की तेथील चित्र झाकले जाते व पांढरा दिला की पुन्हा प्रकट होते. खोडरबराने गेलेले जाते. मास्कने लपविलेले परत आणता येते. चुकण्यास भिणाऱ्या मुलास हा फरक मोलाचा वाटतो.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. घाटमाथ्यावर उभे राहिल्यास जवळचा डोंगर हिरवा, त्यापलीकडचा निळसर आणि सर्वांत दूरचा आकाशात विरघळल्यासारखा दिसतो. डोंगर आणि डोळा यांमधील हवा प्रकाश विखुरते. लॉर्ड रॅले याने १८७१ साली दाखविल्याप्रमाणे निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी अधिक विखुरला जातो. चैत्रात धुळीमुळे ही निळाई पांढुरकी होते. आश्विनात पावसाने हवा धुतली गेल्यावर दूरचा कडाही जवळ आल्यासारखा दिसतो. मुलांनी हे खिडकीतून पाहावे व मगच संगणकापाशी बसावे.

जिंपमध्ये डोंगरांच्या पाच रांगा पाच थरांवर एकाच गर्द हिरव्या रंगात काढाव्या. दर दोन रांगांच्या मध्ये क्षितिजाजवळील आकाशाच्या रंगाचा एकेक थर घालून त्याची गडदता वीस टक्के ठेवावी. सर्वांत मागची रांग अशा चार पडद्यांखाली जाते व तिचा मूळ रंग सुमारे एकेचाळीस टक्केच उरतो; पुढची रांग जशीच्या तशी राहते. रंग न बदलता अंतर निर्माण झालेले पाहून वर्ग चकित होतो. पडदा मात्र वर जाताना विरळ करावा, नाहीतर आकाशही फिके पडते.

एवढी हवा तयार झाली म्हणजे तिच्यात काहीही तरंगू द्यावे. समजा, मुलांनी अधांतरी बेट काढले, त्यावरून धबधबा सोडला व आकाशात दोन चंद्र लावले. येथे खरे प्रश्न सुरू होतात. सूर्य एकच असेल, तर दोन्ही चंद्रांच्या उजळ बाजू त्याच्याकडेच असल्या पाहिजेत. कोरीच्या अंधाऱ्या भागात चांदणी काढणे ही नेहमीची चूक होय. तेथे चंद्राचा गोळा आहे, त्यातून चांदणी दिसणार कशी? बेटाची खालची बाजू काळोखी असावी, पण अगदी काळी नव्हे, कारण खालच्या ढगांवरून परतलेला उजेड तिच्यावर पडतो. धबधब्याचे पाणीही जमिनीपर्यंत धारेने पोचणार नाही. वाटेतच त्याचे तुषार होतील. नाणेघाटात पावसाळी वाऱ्याने कड्यावरचे पाणी उलट वर उडते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगावे लागत नाही.

झाड किंवा देऊळ छायाचित्रातून घ्यावयाचे झाल्यास प्रथम त्यातील सावली पाहावी. ती चित्रातील सूर्याशी जुळत नसेल, तर आकृती डावी-उजवी उलटविता येते. देवळावर पाटी असल्यास मात्र अक्षरेही उलटतात. छायाचित्रे शिक्षकांनी स्वतःच्या फोनवर काढलेली असावी. परक्याचे चित्र न विचारता उचलणे योग्य नव्हे, आणि मुलासमोर तर नव्हेच. हल्ली एका वाक्यावरून अख्खा देखावा रंगवून देणारे कार्यक्रमही निघाले आहेत. त्यांचे काम नेत्रदीपक असते; परंतु सूर्य कोठे ठेवावा हा प्रश्न तेथे मुलापुढे उभाच राहत नाही, आणि प्राथमिक शाळेत तोच प्रश्न हवा आहे.

चाळीस मुले व संगणक एक, अशी स्थिती असल्यास रांगा कागदावर काढवून फोनने टिपाव्या व गटागटाने थरांवर चढवाव्या. संगणक मुळीच नसेल, तर ट्रेसिंग पेपरचे पाच तुकडे एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेशी धरले तरी मागचा डोंगर फिका होतो. काम चालू असेतो फाइल जिंपच्या एक्ससीएफ स्वरूपातच जतन करावी. केवळ जेपेग ठेवल्यास सारे थर एकात एक मिसळतात, आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या मुलीस चंद्र हलवावासा वाटला तर तिला तो हलविता येत नाही.