रंकाळ्याचं पाणी, वाड्याचा जिना

पहाटे ६.००. कोल्हापूर, जानेवारी. ताई रंकाळ्याच्या काठावर ट्रायपॉड उभा करतात. स्टुडिओ वडिलांचा, आता त्याच चालवतात. कॅमेराही वडिलांचाच, यशिका मॅट. रोलवर बारा चौरस फोटो. रोल हजाराच्या घरात गेलाय. एकदा बटण दाबलं की ऐंशी रुपये गेले. कालच्या रोलमधले चार शिल्लक आहेत.

६.२५. पाण्यावर धुकं. मीटर तीस सेकंद दाखवतो, ताई दीड मिनिट मोजतात. मंद उजेडात फिल्म सुस्तावते, तिला जास्त वेळ द्यावा लागतो. समोरून माणसं फिरायला चाललीत. त्यातलं एकही फोटोत उमटणार नाही. कठड्यावर एक आजोबा बसलेत, ते उमटतील, पण जरा हलल्यामुळे कडा विरलेल्या. ताईंना तेच हवंय.

७.३०. गंगावेशीत धारोष्ण दूध. म्हैस शेजारीच उभी.

१०.००. दुकान. पासपोर्ट फोटो, आठ प्रती ऐंशी रुपये. कॉम्प्युटरवर मदतनीस पोरगा. "ताई, कान दिसाय पायजेत म्हणत्यात." ताई गिऱ्हाइकाचे केस मागे सारतात. भाडं, वीजबिल, पोराचा पगार यातूनच निघतो.

दुपारी २.३०. मागची मोरी म्हणजे डार्करूम. डेव्हलपर घरचाच, काल रात्री तराजूवर मोजून केलेला: लिटरभर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. तो २० अंशांवर हवा. बाटली बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवलीय. बर्फ वीस रुपयांचा. साडेसात मिनिटं डबी हलवायची, मग हायपो, मग धुणं. ओली फिल्म चिमट्याला लटकते. ताई पुन्हा काउंटरवर.

रात्री ८.००. शटर खाली. लाल दिवा. निगेटिव्हचा उजेड कागदावर पाडणारे दोन एन्लार्जर शेजारीशेजारी. दुसऱ्याचा खांब उद्यमनगरात लेथवर करून घेतलेला. याच गावात सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी अख्खा कॅमेरा बनवला होता, त्यापुढे खांब काय! डावीकडे सकाळचं पाणी. उजवीकडे जुन्या वाड्याचा जिना. तो वाडा आता पाडलाय, जिना निगेटिव्हवरच उरलाय. दोन्ही एका कागदावर आणायचे.

पाणी चौदा सेकंद. तेवढा वेळ कागदाचा वरचा भाग पुठ्ठ्याने झाकायचा. पुठ्ठा कागदावर टेकवायचा नाही, अधांतरी धरून हलवत राहायचं, म्हणजे सावलीची कड मऊ पडते. मग कागद उचलून दुसऱ्या एन्लार्जरखाली, पेन्सिलच्या खुणांवर. आता खालचा भाग झाकायचा. जिना अकरा सेकंद.

ट्रेमध्ये चित्र वर येतं. मधोमध काळा पट्टा. तिथे दोन्ही उजेड पडले. कागद गेला, दीडशे रुपये. दुसऱ्या वेळी पांढरी फट, तिथे एकही पडला नाही. ताई बोलत नाहीत. दोन्ही कागद बाजूला ठेवतात, पुठ्ठा बोटभर वर धरतात आणि पुन्हा चौदा मोजतात.

अमेरिकेत फ्लोरिडात छायाचित्रकार जेरी युल्समन असे कितीतरी एन्लार्जर ओळीने लावून काम करायचे. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचं एकल प्रदर्शन झालं. फोटोशॉप तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. आज हेच काम पोराच्या कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत होईल. पण पुठ्ठा धरणारा हात दर खेपेला जरा वेगळा हलतो, म्हणून ताईंचे कुठलेही दोन प्रिंट सारखे नसतात. मला त्यांच्या कामातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

९.४०. तिसरा कागद. जिना उतरतो, शेवटची पायरी पाण्यात जाते. सांधा कुठे आहे ते मला सापडत नाही. ताईंना सापडतो. "डावीकडं बघा, अजून दिसतोय." चौथा कागद.

११.१५. चौथा जमला. आता तासभर धुणं, पोरगा टबातलं पाणी बदलतोय. असा प्रिंट सहा हजारांना जातो, गेला तर. त्यातले चाळीस टक्के गॅलरीचे. ताई वहीत लिहितात: पाणी १४, जिना ११, पुठ्ठा चार बोटं वर.

"उद्या किती वाजता येऊ, ताई?"

"सहाला. आणि नवा पुठ्ठा आण, याची कड दुमडलीय."