गाडी दारावरून जाते, पण थांबते कुठे?

अमेरिकेतील सेंट पॉल शहरात रोंडो ही कृष्णवर्णीय बांधवांची जुनी वस्ती होती. १९५० व ६० च्या दशकांत महामार्गासाठी ती मधोमध कापली गेली. शेकडो घरे जमीनदोस्त झाली. पुढे त्याच भागातून मिनियापोलिसपर्यंत हलक्या रेल्वेची आखणी झाली. तीत अन्यत्र स्थानके जवळजवळ, पण या गोरगरिबांच्या पट्ट्यात मैल-मैल अंतरावर!

त्यामागे केंद्र सरकारचे सूत्र होते. खर्च किती आणि प्रवासाचा वेळ किती वाचतो, हे पाहून पैसा मिळे. थांबे वाढले की खर्च वाढतो, गाडीही रेंगाळते. आम्ही हिशेबाच्या वह्यांत आयुष्य घालवले आहे. पण बर्फातून अर्धा मैल चालणाऱ्या म्हातारीचे श्रम कोणत्या रकान्यात मांडायचे?

तेथील लोकांनी 'स्टॉप्स फॉर अस' ही आघाडी उभारली. 'गाडी आमच्यासाठीही थांबली पाहिजे' ही त्यांची मागणी. जानेवारी २०१० मध्ये सरकारने नियम बदलला. हॅमलाइन, व्हिक्टोरिया, वेस्टर्न ही तीन स्थानके पदरात पडली. १४ जून २०१४ रोजी ही ग्रीन लाइन धावू लागली.

बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीजवळून मेट्रो आखली जाईल तेव्हा आधी नकाशा मागा. हरकती-सूचनांची मुदत विचारा. पंचशील मंडळात, बुद्धविहारात बसून एकत्र निवेदन लिहा. खांब उभे राहिल्यावर स्थानक मागून उपयोग नाही.

जय भीम!