जिवंत तारेवरचे काम

४०० किलोव्होल्ट दाबाच्या तारेत वीज खेळत असता मनुष्य तिला हात लावून दुरुस्ती करतो, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. परंतु रस्त्यावरील तारेवर बसलेला पक्षी कसा वाचतो? त्याच्या देहाच्या दोन भागांत विद्युद्दाबाचा फरक जवळजवळ नसतो. कामगाराच्या पोशाखात धातूचे सूक्ष्म तंतू विणलेले असतात. विद्युत्क्षेत्राचा परिणाम त्या वस्त्रावरच थोपविला जातो. पोकळ धातुकोशाचा हा गुण फॅरडेने १८३६ साली दाखविला.

खरे संकट तारेपाशी पोहोचताना असते. मनोरा जमिनीशी जोडलेला, तार प्रचंड दाबाची, आणि मनुष्य या दोहोंच्या मध्ये, विद्युद्रोधक शिडीवर. ठिणगी हातावर येऊ नये म्हणून पोशाखास जोडलेला धातूचा दांडा तो प्रथम तारेस टेकवितो. मनोऱ्यापासूनचे ठरलेले अंतर मात्र क्षणभरही मोडता येत नाही. बंगळूरच्या हॉटलाइन प्रशिक्षण केंद्रात हे काम शिकवितात. हालचालींचा सराव आधी वीज बंद असलेल्या तारेवर होतो. काचतंतूंचे दांडे पुसून कोरडे ठेवणे हे शिकाऊ उमेदवारास क्षुल्लक वाटते; पण ओलसर धुळीच्या थरावरूनही वीज वाट काढते. म्हणून पावसाची चिन्हे दिसताच माणसे खाली उतरवितात.