गुजरीतले मोडके प्लास्टिक

कोल्हापूरकराला 'गुजरी' म्हटले की सराफांच्या पेढ्या आठवतात. बंगळुरूच्या शिवाजीनगरातली गुजरी ही जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची. (हे शिवाजीनगर म्हणजे जुने ब्लॅकपल्ली, १९२७ सालच्या रसेल मार्केटचा परिसर. पुण्याहून आलेल्याचा नावामुळे थोडा घोटाळा होतो.) इंजेक्शन मोल्डिंगचा भाग का मोडतो हे शिकायला मला तरी याहून चांगली शाळा दिसत नाही. कारखान्यातून बाहेर पडताना सगळाच माल चकचकीत असतो. त्यातली खोट दिसायला काही वर्षांचे ऊन आणि धग लागते, ती इथल्या मालाला लागून आलेली असते.

मशीनचे काम सांगायला सोपे. हॉपरमधून दाणा तापलेल्या बॅरलमध्ये उतरतो, स्क्रू त्याला वितळवत पुढे रेटतो आणि तो रस प्रचंड दाबाने बंद साच्यात शिरतो. साच्याच्या पोटातून पाणी फिरत असते. रस थिजला की साचा उघडतो, भाग बाहेर पडतो, पुढचा शॉट सुरू. अमेरिकेत हायट बंधूंनी १८७२ साली अशा पहिल्या यंत्राचे पेटंट घेतले तेव्हा त्यात स्क्रू नव्हता, दट्ट्या होता. स्क्रू १९४६ साली जेम्स हेंड्रीने आणला.

आता एखादा जुना रेडिएटर उचला. मधली जाळी ॲल्युमिनियमची, टोकांच्या काळ्या टाक्या बहुधा नायलॉन ६६ च्या, त्यात साधारण तीस टक्के काचतंतू. टाकीला तडा गेला की मेकॅनिक म्हणतो, 'गरम होऊन फुटली.' ते खरेच आहे. तापलेल्या कूलंटमध्ये वर्षानुवर्षे राहून नायलॉनच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात. पण तडा कुठून गेला तेही पाहावे. साच्यात रस एखाद्या खुंटीला वळसा घालून पलीकडे पुन्हा भेटतो, तिथे केसासारखी रेघ उरते. हीच वेल्ड लाइन. काचतंतू ही रेघ ओलांडत नाहीत, तिच्याच अंगाने पडून राहतात. म्हणजे ज्यांच्या भरवशावर टाकी जाड केली नाही, ते तंतू ऐन जागी कामाला येतच नाहीत. गेट, म्हणजे रस साच्यात शिरायचे तोंड, दुसरीकडे दिले तर रेघ कमी ताणाच्या जागी सरकते, पण तो निर्णय साचा कापण्याआधीचा.

मला सर्वांत धास्ती वाटते ती ओल्या दाण्याची. हेडलाइटच्या काचेचे पॉलिकार्बोनेट १२० अंशांवर तीन-चार तास सुकवून ओल ०.०२ टक्क्यांखाली आणावी लागते. नाही तर बॅरलच्या उष्णतेत तेच पाणी प्लास्टिकच्या साखळ्या कापते. मालावर चंदेरी फराटे उमटले तर नशीब. नाही उमटले तर माल पास होतो आणि पुढे जरा ठोकर लागली की तडकतो. गंमत अशी की नायलॉनचा तयार भाग कोरडाठाक असला तरी ठिसूळ वागतो. म्हणून साच्यातून निघालेल्या क्लिपा मुद्दाम पाण्यात ठेवतात. दाण्यात ओल नको आणि क्लिपेत मात्र हवी!

आतला कोपरा काटकोनात कापला की ताण तिथेच गोळा होतो. थोडी गोलाई दिली असती तर गुजरीतल्या कितीतरी ब्रॅकेटांचे कान शाबूत राहिले असते.

काही भाग मात्र वापरणाराच मारतो. थिजताना पॉलिकार्बोनेटमध्ये अडकून राहिलेला ताण एरवी दिसत नाही. लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर पारदर्शक तुकडा धरून पोलराइज्ड गॉगलमधून पाहा, इंद्रधनुष्यासारखे पट्टे उठतात. पट्टे दाट असतील तिथे दिवा पुसायला थिनरचा बोळा फिरवला की बारीक चिरांचे जाळे पसरते. थिनरशिवाय तोच दिवा आणखी काही वर्षे टिकला असता.

मोडलेल्या टाक्या, ब्रॅकेटे शेवटी भंगारात जातात. प्लास्टिक वेगळे काढून दळतात आणि त्याचा पुन्हा दाणा होतो. प्रत्येक दळणात काचतंतू आखूड होतात, प्रत्येक वितळणीत साखळ्याही. असा दाणा कोऱ्या दाण्यात किती मिसळला हे काळ्या रंगात कुणाला दिसत नाही.